अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचे जहाज

शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती म्हटली की दिवाणखान्यातील कपाटावर ठेवलेले, फुगलेल्या पांढऱ्या शिडांचे आणि झगझगीत रोगणाचे एखादे शोभेचे गलबत बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्या वस्तूविषयी येथे लिहावयाचे आहे ती अगदी निराळ्या कुळातली आहे. शोभेचे गलबत जहाजासारखे दिसले म्हणजे झाले. प्रतिकृती मात्र एका विवक्षित जहाजाची, त्याच्या आयुष्यातील एका विवक्षित वर्षीची आणि एका ठरावीक प्रमाणाची असावी लागते. आणि तिच्यातील प्रत्येक बाबीला, मग ती तोफेच्या खिडकीची झडप असो की एखाद्या दोराची जाडी असो, कोठला तरी दस्तऐवज आधाराला दाखविता आला पाहिजे. मूळ जहाज बहुधा केव्हाच कुजून, जळून किंवा मोडीत निघून गेलेले असते, त्यामुळे प्रतिकृती करणारा कारागीर अर्धा सुतार आणि अर्धा दफ्तरदार असतो, आणि यांपैकी दुसरे अर्धे अंग दुबळे असेल तर पहिल्या अंगाचे कितीही हस्तकौशल्य त्याला तारू शकत नाही.

या विद्येची जुनी व प्रतिष्ठित शाखा इंग्लंडात वाढली. सतराव्या शतकाच्या मध्यापासून तेथील आरमाराच्या बांधणीचा कारभार पाहणारे जे नेव्ही बोर्ड नावाचे मंडळ होते, त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिकृती बहुतेक एका फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८, या प्रमाणात केलेल्या असत, आणि आजही गंभीरपणे काम करणारा मनुष्य प्रथम याच प्रमाणाकडे वळतो. सॅम्युएल पेपिस या आरमारी खात्याच्या विख्यात कारभाऱ्याला अशा प्रतिकृतींचा मोठा नाद होता, आणि आपला संग्रह त्याने मृत्युपत्रान्वये विल्यम ह्यूअर या आपल्या स्नेह्याच्या स्वाधीन केला. पुढे पेपिसच्याच जुन्या हुद्द्यावर बसलेल्या चार्ल्स सर्जिसनने जमविलेला संग्रह त्याच्या घराण्याकडे दोन शतके राहून, विसाव्या शतकात कर्नल हेन्री रॉजर्स या अमेरिकन धनिकाच्या हाती गेला, आणि त्याच्या मृत्यूनंतर १९३५ मध्ये अ‍ॅनापोलिस येथील नौदल विद्यालयाला मिळाला. इंग्लंडच्या राजांची जहाजे कशी होती हे पाहण्यासाठी अमेरिकेला जावे लागावे, हा इतिहासाचा एक मासलेवाईक न्याय होय.

या प्रतिकृतींचे वैशिष्ट्य असे की, पाण्याखाली राहणाऱ्या भागावर फळ्या न ठोकता तेथील फासळ्या उघड्याच ठेवलेल्या असत, जेणेकरून पाहणाराला जहाजाच्या अंगाचा बाक आणि घेर एका दृष्टिक्षेपात उमगावा. साहजिकच कोणासही वाटेल की खऱ्या जहाजाच्या फासळ्या अशाच बसविलेल्या असतील. वस्तुतः तसे नाही. खऱ्या जहाजात फासळ्यांचे तुकडे एकमेकांना जोडण्याची रीत वेगळी होती. प्रतिकृतीतील मांडणी ही एक ठरीव, डोळ्यांना सुखावणारी आणि बांधावयास सोयीची योजना होती. म्हणजे सरकारी मंडळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रतिकृतीसुद्धा आकाराविषयी सत्य सांगण्यासाठी रचनेविषयीचे सत्य बाजूला ठेवीत. माझ्या मते या कलेचे सगळे मर्म येथेच आहे. जहाज लहान करावयास घेतले म्हणजे त्याच्या सर्व बाबी सारख्या प्रमाणात लहान व्हावयास तयार नसतात. तेव्हा कोठे अचूक राहावयाचे आणि कोठे डोळ्याला केवळ तसा भास करून द्यावयाचा, हे कारागिराला पावलोपावली ठरवावे लागते, आणि त्याच्या या निवडीवरूनच त्याची योग्यता ओळखावी.

हे नीट समजण्यासाठी एक जहाज घेऊ, आणि ते आपल्या मुंबईचेच घेऊ. ‘ट्रिंकोमाली’ नावाचे आरमारी फ्रिगेट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधले गेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात ते आजही तरंगत आहे, आणि ब्रिटिश युद्धनौकांपैकी आजवर पाण्यावर तरंगत राहिलेली सर्वांत जुनी नौका म्हणून त्याचा लौकिक आहे. इंग्रज आरमारी सेनापती नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ वयाने वडील खरे, परंतु ते कोरड्या गोदीत बसलेले आहे. ‘ट्रिंकोमाली’चा आराखडा अस्सल इंग्रजी नव्हता, १७८२ मध्ये पकडलेल्या ‘एब’ या फ्रेंच फ्रिगेटवरून इंग्रजांनी जो ‘लेडा’ वर्ग तयार केला, त्यातील हे एक जहाज होय. आराखड्याचे कागद मुंबईला पोहोचण्याची कथा तर एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. १८१२ मध्ये ते ‘जावा’ या जहाजातून रवाना झाले. परंतु त्या वर्षाच्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेने ‘जावा’ला गाठून जेर केले, आणि जेत्यांनी ते जाळून टाकले. नकाशांबरोबर मुंबईत बांधल्या जात असलेल्या जहाजांसाठी पाठविलेले तांबेही गेले. नकाशांची दुसरी प्रत मागाहून पाठवावी लागली. त्याच ‘जावा’वर मुंबईकडे निघालेला आणि अमेरिकनांच्या कैदेत सापडलेला जनरल हिस्लॉप हा एक प्रवासी होता, हाच हिस्लॉप पाच वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, महिदपूर येथे होळकरांच्या फौजेसमोर इंग्रजी सैन्याचा सेनापती म्हणून उभा होता. जहाज मुंबईत पाण्यात उतरले त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतलीच ही गोष्ट.

या जहाजाची प्रतिकृती करू इच्छिणाराला पहिला प्रश्न वर्षाचा पडतो. १८१७ सालचे ‘ट्रिंकोमाली’ आणि आज हार्टलपूलला दिसणारे ‘ट्रिंकोमाली’ एकच नव्हे. कारण इंग्लंडला पोहोचल्यावर कित्येक वर्षे राखीव म्हणून पडून राहिल्यानंतर १८४५च्या सुमारास त्याच्या पिछाडीचा आकार बदलण्यात आला, आणि तोफा संख्येने कमी परंतु वजनाने भारी अशा बसविण्यात आल्या. जमशेटजींचे जहाज करावयाचे असेल तर बंदरात उभ्या असलेल्या अस्सल जहाजावरून माप घेऊन चालत नाही. ग्रिनिचच्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या ‘लेडा’ वर्गाच्या मूळ आराखड्यांकडे जावे लागते. साक्षात जहाज डोळ्यांसमोर असताना त्याच्यापेक्षा कागदावर अधिक विश्वास ठेवण्याचा हा प्रसंग नवशिक्याला फार विचित्र वाटतो.

आराखड्यात जहाज तीन अंगांनी काढलेले असते: बाजूने, वरून आणि समोरून. समोरून काढलेल्या चित्रात एकाच्या आत एक बसणाऱ्या वक्र रेषा असतात, आणि त्यांतील प्रत्येक रेषा म्हणजे एका ठिकाणी जहाज आडवे कापले असता दिसणारा त्याचा घाट. या रेषांवरून एकेक फासळी कापावयाची, त्या सर्व तळाच्या लांब कण्यावर आपापल्या जागी उभ्या करावयाच्या आणि मग त्यांवर फळ्या चढवावयाच्या, हा सर्वांत कष्टाचा मार्ग. यापेक्षा सोपे मार्ग आहेत. फासळ्यांऐवजी थोड्याच जाड फळकुटांचे आडवे पडदे उभारून त्यांवर फळ्या बसवाव्यात, किंवा एकावर एक चिकटविलेल्या पाट्या तासून सबंध अंगच कोरून काढावे. बाजारातील पेट्यांतून मिळणारी बहुतेक जहाजे पडद्यांची असतात, आणि फळ्या चढल्यावर आतले काय ते कोणास दिसत नाही, म्हणून शुद्धिवाद्यांनी त्यांच्याकडे नाक मुरडण्याचे कारण नाही.

तोफांच्या मजल्यावर मोजले असता ‘ट्रिंकोमाली’ सुमारे १५० फूट लांब भरते. १:४८ प्रमाणात ही लांबी सुमारे साडेसदतीस इंच होते. लांबी अशी सरळ हिशेबाने उतरते, परंतु क्षेत्रफळ २३०४ पटींनी आणि घनफळ १,१०,५९२ पटींनी उतरते; हजार टन पाणी बाजूला सारणाऱ्या जहाजाची याच प्रमाणातील प्रतिकृती त्याच रेषेपर्यंत बुडवावयाची तर तिचे वजन अवघे नऊ किलो भरेल. या हिशेबाला एक पक्ष मात्र मुळीच रुजू होत नाही, तो म्हणजे लाकूड. लाकडाचे तंतू, त्यातील रंध्रे आणि त्याची वर्षावर्षाची वलये अठ्ठेचाळीस पटींनी बारीक होत नाहीत. म्हणून सागवानी जहाजाची प्रतिकृती सागवानात होऊ शकत नाही, हा विरोधाभास या कलेत आरंभीच पत्करावा लागतो. सागाची रंध्रे इतकी मोठी की पाव इंच रुंदीच्या फळीत ती भोकांसारखी दिसतात, आणि बारीक कापल्यास कड तुटते. युरोपातील कारागीर यासाठी बॉक्सवुड आणि नाशपातीचे लाकूड वापरतात, तुतकाच्या, म्हणजे डेकच्या, फळ्यांसाठी पांढरेशुभ्र हॉली घेतात, आणि काळ्या पट्ट्यांसाठी जुन्या काळापासून आबनूस. आपल्याकडे हेदूचे लाकूड यांच्या पंगतीला बसण्यासारखे आहे. रंगाने पिवळसर, तंतू घट्ट व सारखे, आणि कातकामाला उत्तम.

फळी चढविण्याच्या कामात नवख्याची फसगत होते ती एका साध्या गोष्टीने. जहाजाचे अंग मध्यावर फुगलेले आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळते असते, त्यामुळे मध्यावर जेवढ्या फळ्या बसल्या तेवढ्याच फळ्यांना नाळेपाशी कमी जागेत मावावयाचे असते. प्रत्येक फळी म्हणून टोकाकडे हिशेबाने निमुळती करावी लागते, वाफेने किंवा उष्णतेने वाकवावी लागते, आणि जेथे अंग पिळलेले आहे तेथे सरळ फळी जबरदस्तीने बसवू न जाता रुंद पाटीतून वक्र आकारातच कापून घ्यावी लागते. हे न करता फळ्या ओढून-ताणून बसविल्या तर नाळेपाशी उरलेल्या त्रिकोणी फटींत ठिगळे घालण्याची पाळी येते, आणि जाणकार मनुष्य प्रथम तेथेच पाहतो.

फळ्या खऱ्या जहाजात लोखंडी खिळ्यांनी जेवढ्या बसविलेल्या असत, त्याहून अधिक लाकडी मेखांनी बसविलेल्या असत. दीड इंच जाडीची मेख या प्रमाणात मिलिमीटरच्या तीनचतुर्थांशाएवढी होते. इतकी बारीक काडी करावयास बांबूइतके योग्य दुसरे काही नाही, कारण त्याचे तंतू सरळ व लांब असतात. चिरलेली कामटी सोनार तार ओढण्यासाठी वापरतात तसल्या भोकांच्या पोलादी पट्टीतून उतरत्या क्रमाने ओढीत गेले की हवी ती जाडी मिळते. अशा हजारो मेखा करून त्या बसविणारे लोक आहेत, आणि त्यांच्या चिकाटीचे कौतुक करताना मला नेहमी एक शंका येते. खऱ्या जहाजावर पन्नास पावलांवरून या मेखा दिसत नसत. प्रतिकृतीवर मात्र गडद रंगाच्या मेखा घातल्या तर सबंध अंगावर ठिपक्यांचे पुरळ उठल्यासारखे दिसते. तीच गोष्ट तांब्याच्या पत्र्यांची. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यापासून तळाचे रक्षण करण्यासाठी चार फूट लांब व चौदा इंच रुंद असे पत्रे बाहेरून ठोकीत. १:४८ प्रमाणात असा एक पत्रा एक इंच लांब व साडेसात मिलिमीटर रुंद होतो आणि तो करणे अवघड नाही. परंतु पेटीतल्या पत्र्यांवर खिळ्यांची डोकी बाहेर उमटविलेली असतात. खरी डोकी पत्र्याच्या पातळीला भिडलेली असत. त्यांना अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याने उठाव देऊ गेल्यास तो मुळीच दिसू नये, आणि दिसतो तेव्हा जहाजाचा तळ बाष्पयंत्राच्या पिंपासारखा वाटू लागतो.

यापुढचे काम दोरांचे, आणि माझ्या मते सर्वांत रसाचे. डोलकाठ्यांना दोन्ही बाजूंनी व पुढून-मागून ताणून धरणारे दोर एकीकडे, आणि परबाणे, म्हणजे शिडे बांधण्याच्या आडव्या काठ्या, फिरविणारे व शिडे उचलणारे-उतरविणारे दोर दुसरीकडे, अशा दोन जाती असतात. पहिले डांबर लावून काळे केलेले, दुसरे फिकट. कोठे कोणता दोर किती जाड, याचे तक्ते छापील सापडतात. डेव्हिड स्टील याने १७९४ मध्ये दोरांच्या व नौकानयनाच्या विद्येवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील कोष्टके हे या कामाचे शास्त्रप्रामाण्य होय. मात्र त्या कोष्टकांत एक सापळा आहे. त्या काळी दोराची जाडी व्यासाने न सांगता परिघाने सांगत. ‘९ इंची’ दोर म्हणजे परीघ नऊ इंचांचा, व्यास जेमतेम पावणेतीन इंचांच्या वर. १:४८ प्रमाणात तो दीड मिलिमीटर जाडीचा होतो. ज्याने नऊ इंच हा व्यास समजून हिशेब केला, त्याचे दोर तिपटीहून जाड होतात, आणि मग जहाजावर नांगराच्या साखळदंडांचे जाळे पसरल्यासारखे दिसते. अनेक जुन्या खाजगी संग्रहांत ही चूक आढळते.

दोर वळण्याचीही शिस्त आहे. तीन पदरांचा नेहमीचा दोर उजवीकडे वळलेला असतो, आणि असे तीन दोर एकत्र उलट, डावीकडे वळले म्हणजे नांगराचा मोठा दोर होतो. गंभीर कारागीर यासाठी लहानसे चरक करून सुताचे दोर स्वतः वळतात. सूत शक्य तर लिननचे असावे. कापसाच्या सुताला लव असते, आणि ती मेणाने कितीही बसवली तरी भिंगाखाली दिसतेच. खलाशांनी डोलकाठीवर चढण्यासाठी बाजूच्या दोरांवर पायऱ्यांसारखे आडवे दोर बांधलेले असतात, ते साधारण तेरा ते पंधरा इंचांवर. म्हणजे प्रतिकृतीत सात ते आठ मिलिमीटरांवर, आणि प्रत्येक उभ्या दोराशी एकेक गाठ. येथेच निसर्गाचा एक नियम कारागिराच्या विरुद्ध उभा राहतो. खरा दोर जड असल्यामुळे सैल सोडला की स्वतःच्या भाराने सुरेख झोळ घेतो. प्रतिकृतीतील सूत इतके हलके असते की ते झोळ घेत नाही, उलट गाठीपाशी ताठ उभे राहते. म्हणून पातळ सरस लावून, सूक्ष्म वजने टांगून ते वाळेपर्यंत धरावे लागते. गुंडाळून ठेवलेल्या दोराची वेटोळी तुतकावर आपोआप पडल्यासारखी दिसावीत यासाठी ती हाताने बळेच पाडावी लागतात. शिडांचे तर बोलूच नये. दोन फूट रुंदीच्या कापडी पट्ट्या शिवून शिडे करीत. त्या कापडाची वीण आणि तो टाका या प्रमाणात उतरविणे कोणत्याही हातमागाला शक्य नाही. म्हणून चांगले कारागीर बहुधा शिडे लावीतच नाहीत, आणि मला त्यांचा निर्णय पटतो. कारण शीड लावले की मागचे सारे दोर झाकले जातात.

येथे दुसऱ्या टोकाची एक परंपरा सांगितल्याशिवाय राहवत नाही. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेले फ्रेंच कैदी इंग्लंडात वर्षानुवर्षे डांबून ठेवलेले होते. पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस येथे १७९७ मध्ये उघडलेला तुरुंग त्यांपैकी एक. शिध्यात मिळणाऱ्या मांसातील हाडे उकळून स्वच्छ करून त्यांच्या बारीक पट्ट्या कैदी जहाजाच्या अंगावर बसवीत, आणि दोरांसाठी केस किंवा रेशीम वापरीत; तयार माल तुरुंगाच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात विकला जाई. त्यांच्यापाशी आराखडा नव्हता, मोजपट्टी बहुधा नव्हती, सगळे स्मरणावर. त्यामुळे काठ्या उंच, तोफा मोठ्या, नाळेवरील मूर्ती तर अवाढव्य. पण कोणता दोर कोठून निघून कोणत्या कप्पीतून कोठे जातो हे पुष्कळदा अचूक, कारण ते दोर त्यांनी आपल्या हातांनी ओढलेले होते. मापात चुकलेले आणि व्यवहारात बरोबर असलेले हे काम, मापात बरोबर आणि व्यवहारात अजाण असलेल्या कित्येक आधुनिक कामांपेक्षा मला अधिक मोलाचे वाटते.

आता आपल्या किनाऱ्याचा विचार करू. मराठी माणसाला प्रतिकृती करावीशी वाटली तर त्याचे मन स्वाभाविकपणे कान्होजी आंग्रे यांच्या गुराबेकडे, म्हणजे त्यांच्या आरमारातील मोठ्या लढाऊ जहाजाकडे, धावते. पण येथे दफ्तर मुके आहे. कोकणातील मिस्त्री कागदावर रेषा काढून जहाज बांधीत नसत. घाट त्यांच्या डोळ्यांत असे आणि तो बापाकडून मुलाकडे जाई. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले, तेव्हा प्रत्यक्ष पुरावाही गेला. उरते ते शत्रुपक्षाचे वर्णन. रॉबर्ट ऑर्म हा इंग्रज इतिहासकार लिहितो की, दोन काठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची आणि तीन काठ्यांची ३०० टनांची, अंगाने रुंद, आणि नाळ भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी पुढे निघालेली. त्या नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या नऊ ते बारा पौंडी तोफा. गलबते याच घाटाची, पण लहान, फार तर ७० टनांची, आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारी. वर्णन सजीव आहे, परंतु यावरून फासळी कापता येत नाही. बाजारात दिसणाऱ्या ‘मराठा गुराबी’ या म्हणूनच प्रतिकृती नव्हेत, तसबिरी आहेत. आणि त्या करू नयेत असे माझे म्हणणे नाही, फक्त त्यांच्या पाटीवर कोणता भाग ऑर्मच्या मजकुरावरून आणि कोणता कारागिराच्या तर्कावरून, हे स्पष्ट लिहिलेले असावे.

याउलट फत्तेमारी या देशी नौकेची गोष्ट. फ्रांस्वा-एदमों पारी हा फ्रेंच आरमारी अधिकारी जगप्रदक्षिणेच्या तीन सफरींत जेथे जाई तेथील देशी होड्यांची मापे घेऊन रेखाटने करी. दक्षिण हिंदुस्थानात एका कारखान्यातील यंत्रात सापडून त्याने डावा हात गमावला, तरी त्याचे रेखाटन थांबले नाही. युरोपाबाहेरच्या लोकांच्या नौकाबांधणीवरचा त्याचा ग्रंथ १८४० च्या दशकाच्या आरंभी निघाला, आणि हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील फत्तेमारीही त्यात मोजमापांसह आहे. पुढे १८७१ पासून पॅरिसच्या नौकासंग्रहालयाचा प्रमुख म्हणून काम करीत असता त्याने आपल्याच रेखाटनांवरून अशा होड्यांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. आपल्या किनाऱ्याचे जहाज करू इच्छिणाराने म्हणून फत्तेमारीपासून आरंभ करावा. तिच्या डोलकाठ्या पुढे कललेल्या असतात, नाळेचा कल फार लांब असतो, आणि परबाण एकाच काठीचे नसून दोन-तीन काठ्या एकमेकींना दोराने जखडून केलेले असते. हे जखडणे नीट दिसावे म्हणून प्रमाण १:४८ ऐवजी १:२४ घ्यावे, अंग हेदूचे करावे, आणि काथ्याच्या दोराचा रंग येण्यासाठी सुताला चहाच्या पाण्यात बुडवून घ्यावे.